एफ रस्त्यावरील दोन वाडे

वॉशिंग्टन शहरीं जाणारा प्रवासी बहुधा ठरलेल्या वाटेनें फिरतो. काँग्रेसच्या सभागृहाचा पांढरा घुमट, अध्यक्षांचें निवासस्थान, लिंकनचा बैठा पुतळा, वॉशिंग्टनच्या नांवाचा उंच स्तंभ आणि मधल्या विस्तीर्ण हिरवळीच्या दोहों अंगांस असलेलीं संग्रहालयें, एवढें पाहून झालें म्हणजे राजधानी पाहिली असें त्यास वाटतें. आपल्याकडून मुलाबाळांच्या भेटीस तिकडे जाणारीं वडीलधारीं माणसेंही याच स्थळांचीं छायाचित्रें घेऊन परततात, व तीं आतां घरोघर पाहावयास मिळतात. त्यांचें वर्णन करून वाचकांचा वेळ घेण्याचें प्रयोजन नाहीं. प्रस्तुत लेखांत ज्या दोन जुन्या दगडी वाड्यांची हकीकत सांगावयाची आहे, ते या वाटेपासून थोडेसे आड, एफ नांवाच्या रस्त्यावर, समोरासमोर उभे आहेत. त्यांच्या दारावरून रोज शेंकडों लोक जात असतील. परंतु आपल्या हातांतील मोबाइल फोनचें कवच, त्याचा टेकू, त्याचा चार्जर या क्षुद्र वस्तूंनीं अमेरिकेच्या बंदरांत उतरावें किंवा नाहीं, हें ज्या व्यवस्थेनें ठरतें तिचीं मुळें या दोन वाड्यांत आहेत, हें त्यांपैकीं फारच थोड्यांच्या ध्यानांत येत असेल.

रस्त्याच्या उत्तरेकडील वाडा जुन्या पेटंट कचेरीचा. पेटंट म्हणजे काय हें प्रथम दोन शब्दांत सांगणें अवश्य आहे. एखाद्यानें नवी युक्ति शोधून काढली, तर ती लपवून न ठेवतां सर्वांस समजेल अशा रीतीनें लिहून द्यावी; आणि त्याच्या मोबदल्यांत सरकारनें ठराविक मुदतीपुरती ती वस्तु करण्यास, विकण्यास किंवा परदेशांतून आणण्यास इतरांना मनाई करण्याचा हक्क त्यास द्यावा, असा हा सरकार व शोधक यांमधील करार होय. अमेरिकेंत हा कायदा १० एप्रिल १७९० रोजीं झाला. हल्लीं ही मुदत सामान्यतः अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते. मुदत सरली कीं युक्ति सर्वांची.

आरंभीं ही कचेरी रस्त्याच्या दक्षिणेस, ब्लॉजेटचें हॉटेल या नांवाच्या इमारतींत, टपाल खात्याच्या शेजाराला होती. सन १८१४ च्या ऑगस्टांत इंग्रजांच्या फौजेनें वॉशिंग्टन घेतलें आणि सरकारी इमारती एकामागून एक जाळण्यास प्रारंभ केला. त्या वेळीं पेटंटांचे अधिकारी डॉ. विल्यम थॉर्नटन हे सेनाधिकाऱ्यांपुढें जाऊन उभे राहिले. आंत ठेवलेल्या यंत्रांच्या प्रतिकृति एका राष्ट्राच्या नसून सर्व मनुष्यजातीच्या उपयोगाच्या आहेत, अशा आशयाची त्यांनीं विनवणी केली, व ती मान्य झाली. शत्रूनें जी इमारत सोडून दिली, तिच्यांतच पुढें कांहीं काळ अमेरिकेच्या काँग्रेसला बैठकी भरवाव्या लागल्या. शत्रूपासून वांचलेली ही इमारत मात्र १५ डिसेंबर १८३६ च्या पहांटे साध्या अपघाती आगींत भस्म झाली, आणि हजारों पेटंटांचे कागद व प्रतिकृति तिच्याबरोबर गेल्या.

सध्यांचा उत्तरेकडील वाडा बांधण्यास त्याच वर्षीं, आगीच्या आधींच, सुरुवात झालेली होती. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या धर्तीवर त्याचा दर्शनी भाग रचलेला असून सर्व काम पुरें होण्यास १८६८ साल उजाडलें. आगीस दाद न देणारा म्हणून बांधलेल्या या वाड्यालाही १८७७ सालीं आग लागली व सुमारें ८७,००० प्रतिकृति जळाल्या. त्या काळीं अर्जाबरोबर लहानशी प्रतिकृति देण्याचा नियम असे. त्यामुळें येथील लांबच लांब दालनें म्हणजे मनुष्याच्या कल्पकतेची जत्राच होती. अंतर्गत युद्धाच्या दिवसांत याच दालनांतून जखमी सैनिकांच्या खाटा मांडल्या होत्या, व कवि वॉल्ट व्हिटमन त्यांच्या उशाशीं बसत असे. मार्च १८६५ मध्यें लिंकनच्या दुसऱ्या अध्यक्षपदानिमित्तचा नृत्यसमारंभही येथेंच झाला. लिंकन स्वतः पेटंटधारक होता हें पुष्कळांस ठाऊक नसतें. नदीच्या उथळ पात्रांत रुतलेलें जहाज उचलून तरतें करण्याच्या युक्तीबद्दल त्यास २२ मे १८४९ रोजीं ६,४६९ क्रमांकाचें पेटंट मिळालें होतें. सन १९३२ मध्यें पेटंट कचेरी येथून हलली. १९६८ पासून या वाड्यांत चित्रसंग्रहालय आहे, आणि मधल्या चौकावर कांचेचें छत्र आलें आहे.

आतां रस्ता ओलांडून दक्षिणेकडे पाहूं. जळालेल्या ब्लॉजेट हॉटेलच्या जागीं रॉबर्ट मिल्स या वास्तुशिल्पकारानें १८३९ पासून टपाल खात्यासाठीं संगमरवरी वाडा उभारला. सॅम्युएल मोर्सनें तारायंत्राची पहिली सार्वजनिक कचेरी १८४५ सालीं याच जागीं उघडली. दूरचें बोलणें दाराशीं आणण्याच्या विद्येचा हा एक श्रीगणेशाच म्हणावयाचा. टपाल खातें गेल्यावर या वाड्यांत निरनिराळीं बिऱ्हाडें आलीं, व १९२१ पासून टॅरिफ कमिशन, म्हणजे जकात मंडळ, येथें येऊन बसलें. हें मंडळ १९१६ सालीं स्थापन झालें होतें. परदेशी मालावर जकात किती असावी याचा अभ्यास करणें हें त्याचें मूळ काम. परंतु १९२२ च्या जकातीच्या कायद्यानें आणि त्याहून विशेषतः १९३० च्या कायद्यानें त्याच्याकडे आणखी एक काम सोंपविलें. त्या दुसऱ्या कायद्याचें ३३७ वें कलम असें कीं, आयातीच्या व्यापारांत अन्याय्य रीति वापरल्या जात असतील तर त्यांची चौकशी व्हावी, व दोष सिद्ध झाल्यास तो माल देशांत येऊं देऊं नये. पूर्वीं मंडळानें केवळ शिफारस करावी व अध्यक्षांनीं निर्णय द्यावा अशी पद्धति होती. सन १९७४ च्या कायद्यानें निर्णयाचा अधिकार मंडळाकडेच आला व त्याचें नांव आंतरराष्ट्रीय व्यापार कमिशन असें झालें. आज या कलमाखालीं चालणाऱ्या चौकशांपैकीं बहुतेक पेटंटभंगाच्या असतात. अशा रीतीनें एका वाड्यानें कल्पनेला मालकी दिली, आणि समोरच्या वाड्यानें त्या मालकीसाठीं बंदराचें दार लावण्याची किल्ली हातीं घेतली. पुढें कमिशन शहराच्या दक्षिण भागांत नव्या इमारतींत गेलें व संगमरवरी वाड्यांत २००२ सालीं हॉटेल सुरू झालें.

माझ्यासारख्या संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास या प्रकरणांत शिरण्याचें कारण घरगुती होतें. माझा पुतण्या न्यू जर्सींत लहानसा व्यापार करतो. मोबाइलचीं कवचें, टेकू, चार्जरच्या दोऱ्या असला किरकोळ माल चीनमधून आणवून तो दुकानदारांस पुरवितो. गेल्या वर्षीं त्यास एका परदेशी दलालाकडून फोनच्या पाठीस चिकटणाऱ्या मुठींचा मोठा सौदा आला. भाव इतका उतरता कीं, एक पूर्ण कंटेनर आणला तर दोन वर्षांचा नफा एका खेपेंत सुटावा. त्यासाठीं त्यानें घराच्या सामाईक खात्यांतील रक्कम मागितली. ती रक्कम गांवची जमीन विकून आलेली, आणि तिचा अर्धा भाग माझ्या दिवंगत धाकट्या बंधूचा, म्हणजे आतां माझ्या भावजयीच्या उतारवयाचा आधार. सही माझी लागणार होती. मी त्या वेळीं त्याच्याकडेच राहावयास गेलों होतों. मी म्हटलें, "माल काय आहे तो मला दाखीव, आणि त्याच्या आड येणारें कांहीं आहे काय तेंही दाखीव, मग सही करीन." तेव्हां त्यानें या कलमाची गोष्ट काढली, आणि एके दिवशीं सकाळच्या आगगाडीनें आम्ही दोघे वॉशिंग्टनला गेलों.

दोन्ही वाडे पाहून झाल्यावर सातव्या रस्त्यानें आम्ही दक्षिणेची वाट धरली. निघण्यापूर्वीं उत्तरेस थोडें वळून चिनी वस्तीची रंगीत कमान पाहून घेतली. सन १९८६ मध्यें उभारलेली ही कमान पेटंटांच्या जुन्या वाड्यापासून हांकेच्या अंतरावर आहे. जुन्या दप्तरखान्यावरून, मग मोठी हिरवळ ओलांडून, आगगाडीच्या पुलाखालून आम्ही नैर्ऋत्य भागांतील ई रस्त्यावर पोहोंचलों. येथील ५०० क्रमांकाची इमारत कमिशनची. तिच्यांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं. ना खांब, ना पुतळे. कांचेच्या तावदानांची एक साधी कचेरी. याच रस्त्यावर थोड्या अंतरावर नासाचें मुख्य कार्यालय असल्यानें येणारेजाणारे प्रवासी तिकडे बोट दाखवितात, हिच्याकडे कोणी पाहत नाहीं.

आंतील कारभाराची रीत मात्र लक्षांत घेण्यासारखी आहे. कायद्यानें हें कमिशन सहा सभासदांचें असून एका पक्षाचे तिघांहून अधिक सभासद असूं नयेत असा निर्बंध आहे. पेटंटधारकानें तक्रार दिली म्हणजे साधारणतः ३० दिवसांत चौकशी उघडावयाची कीं नाहीं हें ठरतें. मग प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशाकडे जातें. वादी आणि प्रतिवादी यांच्याशिवाय कमिशनचा स्वतःचा वकीलही पुष्कळ प्रकरणांत तिसरा पक्ष म्हणून उभा असतो. लोकहित पाहणें हें त्याचें काम. सुनावणी लोकांस खुली असते, परंतु व्यापारी गुपितें निघालीं कीं परक्यांस बाहेर जावें लागतें. साधारण दीड वर्षाच्या आंतबाहेर निकाल लागतो. येथें नुकसानभरपाईचा एक डॉलरही मिळत नाहीं. त्यासाठीं दुसऱ्या न्यायालयांत जावें लागतें. येथें मिळतो तो फक्त मज्जाव. निकाल झाला कीं कस्टम्स खात्यास हुकूम जातो व माल बंदरावरून परत फिरतो. तोच माल पुन्हां आणण्याचा प्रयत्न झाला, तर तो जप्त करण्याचीही तरतूद आहे. निकालानंतर ६० दिवस अध्यक्षांस तो रद्द करण्याचा अधिकार असतो. तेवढ्या मुदतींत माल आणावयाचा झाल्यास जामिनाची रक्कम भरून आणतां येतो.

या मज्जावाचे दोन प्रकार आहेत, आणि माझ्या पुतण्याचें भवितव्य त्या भेदावर अवलंबून होतें. मर्यादित हुकूम केवळ प्रतिवादींच्या मालास लागूं होतो. सामान्य हुकूम मात्र त्या प्रकारच्या सर्व मालास लागूं होतो, मग तो कोणींही केलेला व कोणींही आणलेला असो. फोनच्या उपकरणांत असे सामान्य हुकूम अनेकदां निघाले आहेत. कोलोराडोंतील ऑटर कंपनीच्या संरक्षक कवचांबाबत २०१२ सालीं, आणि कॅलिफोर्नियांतील स्पेक कंपनीच्या कवचांबाबत २०१४ सालीं ते निघाले. पुतण्याच्या सौद्याशीं ज्याचा संबंध होता, तो हुकूम २०१८ सालचा, पॉपसॉकेट नांवाच्या मुठीबाबतचा.

या मुठीचा शोधक व्यापारी नव्हे, यंत्रशास्त्रज्ञही नव्हे. डेव्हिड बार्नेट हे कोलोराडो विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. कानांत घालावयाच्या तारेचा गुंता होतो म्हणून २०१० सालीं त्यांनीं फोनच्या पाठीस दोन मोठीं बटणें चिकटविलीं व तार त्यांभोंवतीं गुंडाळली. बटणें खिशांत अडूं लागलीं, तेव्हां तीं मिटतील कशीं याचा विचार सुरू झाला. पेटीच्या भात्याप्रमाणें उघडणारी व मिटणारी मूठ हें त्या विचाराचें फळ. वणव्यांत त्यांचें घर जळालें होतें, व त्याच्या विम्याची रक्कम या उद्योगास उपयोगीं पडली. सन २०१३ मध्यें ८,५६०,०३१ क्रमांकाचें पेटंट मिळालें, २०१४ पासून घराच्या गाडीखान्यांतून विक्री सुरू झाली. मूठ लोकप्रिय झाली, आणि तिच्या नकला बाजारांत इतक्या आल्या कीं खरी कोणती हें गिऱ्हाइकास कळेना. मार्च २०१७ मध्यें त्यांच्या कंपनीनें कमिशनकडे तक्रार केली. प्रतिवादींत चीनमधील पुष्कळ विक्रेते होते. त्यांतील अनेकांनीं उत्तरच दिलें नाहीं. पुढल्या वर्षीं सामान्य मज्जाव निघाला.

रात्रीं घरीं परतल्यावर पुतण्यानें पेटंटाचा मजकूर संगणकावर उघडला व दलालानें पाठविलेले दोन नमुने जेवणाच्या मेजावर ठेविले. पेटंटाच्या शेवटीं 'दावे' असतात. त्या दाव्यांची भाषा वाचतांच मला जुनी ओळख पटली. तर्कसंग्रह शिकतांना गायीचें लक्षण प्रत्येक विद्यार्थ्यास करावें लागतें. गाय म्हणजे शिंगें असलेला पशु असें म्हटलें तर म्हैसही त्यांत येते, ही अतिव्याप्ति. गाय म्हणजे कपिल वर्णाचा पशु म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. गाय म्हणजे एका अखंड खुराचा पशु म्हटलें तर एकही गाय सांपडत नाहीं, हा असंभव. गळ्याखालीं लोंबणारी कातडी हें लक्षण सांगितलें म्हणजे तिन्ही दोष टळतात. पेटंटाचा दावा हें असेंच लक्षण असतें. तें फार व्यापक झालें तर पूर्वींच्या वस्तूही त्यांत येतात व नवेपणाच्या कसोटीस पेटंट उतरत नाहीं. फार संकुचित झालें तर नक्कल करणारा अंग चोरून निसटतो. आणि वादीचा स्वतःचा मालच त्यांत बसत नसेल तर कमिशनपुढें दावा टिकत नाहीं; कारण त्या पेटंटाप्रमाणें चालणारा उद्योग अमेरिकेंत आहे हें वादीस तेथें दाखवावें लागतें.

मग आम्हीं लक्षण एकेक पदानें लावून पाहिलें. फोनच्या पाठीस चिकटणारें बूड. त्यास जोडलेला, निमुळता होत जाणारा भाता. तो आपल्या अक्षाच्या दिशेनें बाहेर येणारा व मिटून आंत जाणारा. त्याच्या टोंकास चकती. पहिल्या नमुन्यास बूड होतें, भाता होता, तो निमुळता होता, बाहेर येत होता, मिटत होता, टोंकास चकतीही होती. दुसरा नमुना धातूच्या कडीचा; त्यास भाता नव्हताच. सौदा मात्र सगळा पहिल्याचा होता.

पुतण्या म्हणाला, "काका, हा माल बाजारांत दहा जण विकतात. मला एकट्यालाच कोण अडवणार?"

मी म्हटलें, "दहा जण विनातिकीट गाडींत बसले म्हणून अकराव्याचें तिकीट माफ होत नाहीं."

त्यावर तो जें बोलला तें विचार करण्यासारखें होतें. "तें खरें. पण हा निकाल लागला तेव्हां मी या धंद्यांतही नव्हतों. माझें म्हणणें कोणी ऐकलें? ज्यांना बोलावलें त्यांतले पुष्कळ आलेच नाहींत. न आलेल्यांच्या चुकीनें न बोलावलेला बांधला जावा, हा न्याय कसा?"

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाहीं. ३३७ व्या कलमाच्या रीतीवर १९८९ मध्यें गॅट या व्यापारी कराराच्या पंचांनींही ठपका ठेविला होता. देशी मालास जी वागणूक मिळते तिच्यापेक्षां परदेशी मालास येथें कमी न्याय्य वागणूक मिळते, असें त्यांनीं म्हटलें. आणि १९९४ मध्यें अमेरिकेनें कायद्यांत कांहीं दुरुस्त्या केल्या. तसेंच मोठ्यांची गोष्ट वेगळी असेंही कोणास वाटेल. ऑगस्ट २०१३ मध्यें सॅमसंगच्या तक्रारीवरून ॲपलच्या कांहीं जुन्या फोनांवर निघालेला मज्जाव अध्यक्षांच्या वतीनें रद्द करण्यांत आला. त्याचें कारण, तें पेटंट सर्व उद्योगानें स्वीकारलेल्या प्रमाणभूत तंत्राचें होतें व तें योग्य अटींवर सर्वांस द्यावें असा संकेत होता. तें कारण वाजवी आहे. परंतु किरकोळ टेकू आणणाऱ्या व्यापाऱ्यासाठीं कोणी अध्यक्षांचे दार ठोठावीत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सामान्य हुकूम मागितला कीं मिळतो असें नाहीं. मर्यादित हुकूम चुकविला जाईल असें दिसलें पाहिजे, किंवा भंगाचा सर्रास प्रघात असून माल मुळांत कोणाचा हें शोधणें कठीण आहे असें दिसलें पाहिजे. प्रतिवादी गैरहजर राहिले तरी भरीव व विश्वासार्ह पुराव्याशिवाय तो देतां येत नाहीं. लोकांचें आरोग्य, बाजारांतील स्पर्धा, देशांतील उत्पादन आणि गिऱ्हाइकांचें हित यांचाही विचार करावा लागतो. आणि ज्या विक्रेत्याचें नांव आज एक, उद्यां दुसरें, त्याच्यावर नांवानें हुकूम काढून शोधकाच्या पदरांत काय पडणार? म्हणून येथें खटला मनुष्यावर नसून वस्तूवर आहे. वस्तूस नांव बदलतां येत नाहीं. ज्यास आपली वस्तु वेगळी आहे असें खरोखर वाटतें, त्याच्यासाठीं वाट बंद केलेली नाहीं. माल आणण्यापूर्वींच कस्टम्स खात्याकडे नमुना पाठवून तो हुकुमाखालीं येतो कीं नाहीं याचा लेखी निर्णय मागतां येतो. न ऐकलेल्यास ऐकवून घेण्याची ही जागा आहे, पण ती माल बंदरावर येण्यापूर्वींची. माझ्या मतें तिची माहिती लहान व्यापाऱ्यांस आपण होऊन देणें हें सरकारचें कर्तव्य आहे. कारण सर्वांस बांधणारा हुकूम सर्वांस ठाऊक होईल अशी तजवीज नसेल, तर त्यांतील न्याय अर्धाच राहतो.

आपल्या देशांत या प्रश्नानें उलट वळण घेतलें. सन २००७ च्या नियमांप्रमाणें भारतांतही पेटंटधारकास कस्टम्सकडे नोंद करून आयात अडवितां येत असे. मदुरेच्या एका शोधकास एकाच फोनांत दोन सिमकार्डें चालविण्याबाबत २००८ मध्यें पेटंट मिळालें. त्याच्या नोंदीवरून २००९ मध्यें तशा फोनांची आयात बंदरांवर अडूं लागली व आयात व्यापाऱ्यांस न्यायालयांत धांव घ्यावी लागली. पुढें २०१२ मध्यें त्या वेळच्या बौद्धिक संपदा अपील मंडळानें तें पेटंटच रद्द केलें. पेटंट खरें कीं खोटें, भंग झाला कीं नाहीं, हा विचार बंदरावरील अंमलदारास झेपणारा नव्हे, हें त्यावरून दिसून आलें. आणि २०१८ मध्यें त्या नियमांतून पेटंट हा विषयच वगळण्यांत आला. आतां येथें पेटंटधारकास न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणजे ज्या वर्षीं अमेरिकेनें एका मुठीसाठीं बंदराचें दार लावलें, त्याच वर्षीं आपण पेटंटासाठीं तें दार लावण्याची रीत सोडली. दोन्हींत गुण आहेत व दोन्हींत उणें आहे. तिकडे आधीं दीर्घ चौकशी होते व मग दार सर्वांस बंद होतें. इकडे दार उघडें राहतें, पण लहान शोधकास एकेका नकलाकाराच्या मागें न्यायालयांतून हिंडावें लागतें.

पुतण्यानें दुसऱ्या दिवशीं दलालास पत्र घातलें कीं, या मालास पेटंटधारकाची परवानगी आहे काय, व असल्यास तिचा कागद पाठवावा. भावाविषयीं तासाभरांत उत्तर देणाऱ्या त्या गृहस्थानें या पत्रास उत्तर दिलें नाहीं. तेव्हां कागदावर सही करूं नका असें पुतण्यानेंच मला सांगितलें. मला सांगावें लागलें नाहीं, याचें मला समाधान आहे. भावजयीची रक्कम जागच्या जागीं राहिली. पुढें लेखी परवाना दाखविणाऱ्या दुसऱ्या पुरवठादाराकडून त्यानें स्वतःच्या शिलकेंतून बेताचा माल आणविला. नफा थोडा झाला. मात्र ती पेटी बंदरावर उतरेपर्यंत त्याच्या आईला काळजी करावी लागली नाहीं.

आज आपल्यापैकीं अनेक घरांतील मुलें परदेशीं नोकरीबरोबर असा जोडधंदा करतात, आणि भांडवलासाठीं घराकडे पाहतात. त्यांच्या वडिलधाऱ्यांस माझें सांगणें एवढेंच कीं, मालाचा भाव विचारण्यापूर्वीं त्यामागील कल्पना कोणाची आहे हें विचारावें. शेताची हद्द दिसते, कल्पनेची दिसत नाहीं. परंतु ती लिहिलेली असते, सर्वांस वाचावयास खुली असते, आणि थोडा धीर धरला तर शाळेंत लक्षण शिकलेल्या कोणासही ती लावतां येते. ज्या दप्तरासाठीं १८१४ मध्यें एक मनुष्य शत्रूच्या मशालींपुढें उभा राहिला, तें दप्तर आतां कोणासही घरबसल्या फुकट उघडतां येतें. माल मागविण्याच्या आदल्या रात्रीं तें उघडून पाहावें.